नाणे सापडले तर मोडीत घालू नका



कारखान्याचा पट्टा पडला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, की आपल्या शिवारात दुसऱ्या कामांची गर्दी उडते. खोडवा मोडायचा, खोल नांगरट करायची, विहिरीचा गाळ काढायचा, पाइपलाइनची चारी खणायची, शेततळे घ्यायचे, जुना वाडा पाडून नवा पाया भरायचा. जमिनीचे पोट वर्षात सर्वांत जास्त उघडे पडते ते याच दोन-तीन महिन्यांत. आणि याच दिवसांत कुणाच्या तरी फाळाला, कुणाच्या तरी जेसीबीच्या दाताला एखादे मडके लागते, नाहीतर पावसाने धुतलेल्या बांधावर एखादे हिरवट-काळे नाणे चमकते.

पुढे काय होते ते आपण सगळे जाणतो. नाणे चांदीचे असले तर चिंच-राखेने घासून सराफाकडे जाते. तांब्याचे असले तर पोरांच्या खेळात जाते. शिशाचे काळे, बेढब असले तर उकिरड्यावर. अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून काही तरुण धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, मागवतात आणि गढ्या, किल्ले, ओसाड गावठाणे रात्री धुंडाळत फिरतात. आमच्या पत्रिकेत ऊस आणि उतारा यांबरोबर कधीमधी अशाही विषयाला जागा असावी, म्हणून या अंकात जुन्या नाण्यांविषयी चार गोष्टी मांडतो. आमचे म्हणणे थोडक्यात एवढेच, की जुन्या नाण्याची खरी किंमत ते कुठे, कशाबरोबर आणि किती खोल सापडले यात असते. ती माहिती एकदा हरवली की सराफाच्या काट्यावर उरते ती नुसती चांदी.

जोगलटेंभीचा साठा

हे पटवायला आपल्याला लांब जायला नको. नाशिकच्या पूर्वेला, गोदा आणि दारणा यांच्या संगमाजवळ जोगलटेंभी नावाचे गाव आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. थोडाथोडका नव्हे, १३ हजारांहून अधिक नाणी. एक नाणे सुमारे २ ग्रॅमचे धरले तर ही चांदी २६ किलोच्या आसपास भरते. पन्नास किलोच्या साखरेच्या पोत्याचे निम्मे वजन म्हणा ना. रेव्हरंड एच. आर. स्कॉट या अभ्यासकाने ती नाणी तपासली आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १९०८ साली त्यावर लेख लिहिला. आज ही नाणी देशोदेशीच्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत, आणि जगात जिथे जिथे सातवाहनांचा अभ्यास होतो तिथे आपल्या या लहानशा गावाचे नाव घेतले जाते.

त्या नाण्यांत असे काय होते? सगळी नाणी क्षहरात वंशातला क्षत्रप नहपान याची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी अक्षरे. म्हणजे एवढ्याशा, नखाएवढ्या चांदीवर तीन लिप्या! आणि त्यांतल्या ९ हजारांवर नाण्यांवर, म्हणजे तीनांतल्या दोनांवर, दुसराच ठसा वरून मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर उठवलेला आणि भोवती नाव: गोतमिपुत सिरि सातकणि. पाठीमागे अधिकच्या चिन्हासारखी रेघ आणि तिच्या चारही टोकांना वर्तुळे, ज्याला अभ्यासक उज्जैन चिन्ह म्हणतात.

आता याचा अर्थ कुणाही शेतकऱ्याला लागेल. एका मालकाच्या बैलाच्या कानावर दुसऱ्याने आपला डाग दिला, तर बैल कुणाकडून कुणाकडे गेला हे सांगायला पंचनामा लागत नाही. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, त्याचा पैसा हाती घेतला आणि तो वितळवण्याऐवजी त्यावरच आपला शिक्का मारून बाजारात परत सोडला. २०१६ साली नोटाबंदी झाली तेव्हा जुन्या नोटा बाद करून नव्या छापाव्या लागल्या, आणि आपल्या नाशिकरोडचा छापखाना रात्रंदिवस चालला, हे आपण पाहिलेच. सातकर्णीने त्याच्या काळात स्वस्तातला मार्ग काढला. शिवाय ज्याच्या हातात नाणे पडेल त्याला, वाचता येवो वा न येवो, राज्य कुणाचे ते कळले.

लेणी बोलतात, नाणी साक्ष देतात

ही हकिगत नुसत्या नाण्यांवर उभी नाही. आपल्या पांडवलेण्यांतले शिलालेख तेच सांगतात. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला असे ती त्यात अभिमानाने नोंदवते. आईने मुलाचे कौतुक केले, त्यात काय एवढे, असे कुणी म्हणाला असता. पण जोगलटेंभीच्या मडक्याने साक्ष दिली, की माउली खरे बोलत होती.

त्याच लेण्यांतल्या दहाव्या लेण्यात पराभूत बाजूचाही लेख आहे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघाला ३,००० कार्षापणे कायमची दिली आणि ती गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. २,००० एका श्रेणीकडे दरमहा दर शेकडा एक दराने, १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा दर शेकडा पाऊण दराने. मुद्दल मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, ही अट. त्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रासाठी १२ कार्षापणे मिळायची. ठेव, व्याजदर, मुद्दल सुरक्षित आणि कारागिरांची संघटना! आपल्या पतसंस्थेच्या ठेवपावतीत आणि या दगडातल्या लेखात फरक किती, हे सभासदांनीच ठरवावे. आणि ते गोवर्धन गाव नाशिकजवळ आजही त्याच नावाने नांदते आहे.

आणखी एक गोष्ट खास शेतकऱ्यांसाठी. विजयानंतर गौतमीपुत्राने उषवदाताच्या भोगवट्यातले २०० निवर्तने शेत भिक्षूंना दिले. पुढच्या एका लेखात तोच राजा म्हणतो, की ते शेत कसले जात नाही आणि ते गावही वसत नाही, तेव्हा नगराच्या हद्दीवरच्या राजशेतातले १०० निवर्तने त्याऐवजी द्यावेत. लढाई राजे लढतात, पण पड पडते ती शेताला. नाण्यावरचा शिक्का एका घावात बदलतो, ओसाड शेत वहिवाटीला यायला काळ लागतो. हे दोन लेख आणि ती नाणी एकत्र वाचली की दोन हजार वर्षांपूर्वीचा आपला नाशिक परिसर डोळ्यांपुढे उभा राहतो.

आता विचार करा. त्या १३ हजार नाण्यांतली मूठभर एकाने, मूठभर दुसऱ्याने उचलून वितळवली असती, तर "तीनांतल्या दोनांवर दुसरा ठसा" हे प्रमाण कुणाला कळले असते? नाण्यापेक्षा ठसा मोठा असल्याने एका नाण्यावर अक्षरांची पूर्ण ओळ कधीच उमटत नाही. एकावर चार अक्षरे, दुसऱ्यावर पुढची तीन. हजारो नाणी शेजारी शेजारी ठेवली तेव्हा ओळ जुळत गेली. चेहरेही एकसारखे नाहीत, कुठे तरुण तर कुठे उतारवयाचा, हेसुद्धा तेव्हाच लक्षात आले. एकटे नाणे म्हणजे फाटक्या सातबाऱ्याचा एक कपटा. पूर्ण साठा म्हणजे सगळा फेरफार.

माती कुठली, ते आधी विचारा

आपल्याकडे काळी आणि पांढरी असा शब्दच आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जुने गावठाण, गढी, ओसाड वाडी यांची माती राख, शेण आणि पडक्या भिंतींनी पांढरट होते. जुने लोक ती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात टाकत. त्या मातीबरोबर खापरे, मणी, बांगड्यांचे तुकडे आणि नाणीही शेतात येतात. आता तर धरणा-तलावांतला गाळ शेतात टाकण्याची योजनाच सरकारने राबवली आहे. म्हणून शेतात एकटदुकट नाणे मिळाले, तर पहिला प्रश्न: ही माती इथलीच, की कुठून आणलेली? दहा वर्षांपूर्वी वडिलांनी गढीची माती टाकली होती, एवढे आठवले तरी अभ्यासकाला तो मोठा धागा असतो.

मडक्यात, पितळी तांब्यात किंवा एका ठिकाणी ढिगाने मिळालेली नाणी ही वेगळी बाब. तो साठा. कुणीतरी कधीतरी भीतीपोटी म्हणा, लढाईच्या धामधुमीत म्हणा, पुरून ठेवला आणि परत न्यायला तो आला नाही. साठा सापडला की हात थांबवायचा.

एक विलायतेतले उदाहरण सांगतो. इंग्लंडात सॉमरसेट परगण्यात फ्रोम नावाचे गाव आहे. २०१० साली तिथल्या शेतात धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या एका गृहस्थाला रोमन नाणी लागली. थोडे खणल्यावर मडक्याचा काठ दिसला. तो तिथेच थांबला, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलावले. त्यांनी मडके थराथराने रिकामे केले. नाणी निघाली ५२,५०३! सर्व मिळून वजन १६० किलो. मडके वर्षानुवर्षे थोडे थोडे भरत गेले असते, तर अखेरच्या काळातल्या कॅरॉसियस राजाची नाणी अगदी वर असायला हवी होती. ती तर खालच्या बाजूच्या थरांत मोठ्या संख्येने निघाली. म्हणजे सगळे एकदमच पुरलेले. हे कळले ते केवळ त्या माणसाने हात आवरला म्हणून. पुढे संग्रहालयाने तो साठा ३ लाख २० हजार पौंडांवर किमतीला घेतला आणि रक्कम शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटली गेली. थांबल्याने त्याचे नुकसान काहीच झाले नाही.

यंत्र काय करते, काय करत नाही

या यंत्राबद्दल आपल्याकडे भलत्या समजुती आहेत, म्हणून थोडा खुलासा. आपल्या कारखान्यासारख्या कारखान्यांत गव्हाणीतून ऊस पुढे जाताना मोठा लोहचुंबक लावतात, तुटक्या कोयत्याचा तुकडा किंवा बोल्ट रोलरमध्ये जाऊ नये म्हणून. तो फक्त लोखंड धरतो. पितळ-तांबे त्याला कळत नाही. धातुशोधकाचे तत्त्व वेगळे. त्याच्या थाळीत तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली धातू असला, मग तो चांदी असो वा ॲल्युमिनियम, तर त्यात बारीक विद्युत भोवरे उठतात. त्यांचे क्षेत्र परत थाळीला कळते आणि यंत्र आवाज करते. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनी असेच यंत्र करून अंगातली गोळी शोधण्याचा प्रयत्न केला होता. तो साधला नाही. पलंगाच्या गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोटाळा केला, असे त्याचे एक कारण सांगतात.

तोच घोटाळा आपल्या रानात रोज होतो. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. मोठे भांडे त्याहून खोल कळते, तेही फार नाही. "दहा फूट खालचे सोने दाखवतो" असे कुणी सांगितले तर समजावे, की तो आपला खिसा शोधतो आहे. शिवाय आपली जमीन काळ्या पाषाणातून झालेली. तिच्यात लोहाचे चुंबकीय कण असतात, त्यामुळे यंत्र रिकाम्या जागीही कुरकुरते. आणि खिळे, बाटल्यांची झाकणे, औषधाच्या गोळ्यांचा पत्रा, कोयत्याचे तुकडे यांना शिवारात तोटा नाही. शंभर वेळा वाकावे, तेव्हा एखादी जुनी कडी हाताला लागते.

पांडवलेणी, किल्ले, संरक्षित गढ्या इथे परवानगीशिवाय खणणे हा गुन्हा आहे. केंद्राचा १९५८ चा आणि आपल्या राज्याचा १९६० चा कायदा त्यासाठीच आहे. पोरांना हौस आहे, तर हौस चांगली. पण किल्ल्यावर रात्री खड्डे पाडणे ही हौस नव्हे, ती चोरी.

नाणे ओळखायचे कसे

नाणे हातात आले की पाच गोष्टी टिपून ठेवाव्यात: वजन, आडवे माप, धातू, लिपी आणि चिन्ह. वजन सराफाच्या काट्यावर ग्रॅममध्ये करून घ्यावे. विकायला नाही, मोजायला आलो, असे आधीच सांगावे. लोहचुंबक लावून पाहावा. नाणे चिकटले तर ते १९४६ च्या आधीचे असण्याची शक्यता जवळजवळ नाही. नंतरचे निकेलचे किंवा स्टीलचे असते.

शिशाचे किंवा काळपट मिश्र धातूचे जाड, ओबडधोबड नाणे, त्यावर सोंड उचललेला हत्ती किंवा ते चार वर्तुळांचे चिन्ह, तर ते सातवाहनांचे असू शकते. लोक नेमके हेच फेकून देतात, कारण चमकत नाही. लहानशा चांदीच्या नाण्यावर एकीकडे चेहरा आणि दुसरीकडे बसलेला नंदी, तर ते सहाव्या शतकातल्या कलचुरी कृष्णराजाचे असण्याचा संभव. अशी नाणी आपल्या बागलाणात देवळाणे इथे सापडलेली आहेत.

तांब्याचे जाडसर नाणे, एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" अशी देवनागरी अक्षरे, ती शिवराई. ही शिवराजांच्या नंतरही पिढ्यान्‌पिढ्या पाडली गेली आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत बाजारात चालत होती. म्हणून प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली समजू नये.

फारसी अक्षरांचा चांदीचा रुपया मिळाला की लोक म्हणतात, "मोगलांचा आहे." घाई करू नये. नाशिकचे मोगली नाव गुलशनाबाद. पेशवाईत इथल्या टांकसाळीत रुपये पडत, आणि त्यांवर बादशहाचे नाव व गुलशनाबाद हेच शब्द असत, कारण बाजारात तोच छाप विश्वासाचा होता. चांदवडला होळकरांची टांकसाळ होती. तिथल्या रुपयाला चांदोरी म्हणत. म्हणजे अक्षरे फारसी, पण नाणे आपल्या घरचे! त्यावरचा आकडा हिजरी सनाचा असला तर त्याला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवावेत. हिजरी १२०० म्हणजे १७८६ च्या सुमारास. शक असला तर ७८ मिळवावेत.

राणीछाप रुपया बहुतेक जुन्या घरांत असतो. "क्वीन" असे लिहिलेले १८७६ पर्यंतचे, "एम्प्रेस" लिहिलेले १८७७ पासूनचे. वजन ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी जवळजवळ ९२ टक्के. १९४० पासून ती निम्म्यावर आणली. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गंमत अशी, की राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली आणि सरकारने तो छाप मागे घेऊन नीट हत्ती काढला.

शंका राहिली तर आपल्या जिल्ह्यातच जाणकार आहेत. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी इथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज ही नाणेशास्त्राची संशोधन संस्था १९८० साली स्थापन झाली. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या थोर अभ्यासकाने ती उभी केली. देश-परदेशांतले लोक जिथे नाणी शिकायला आले, ती जागा आपल्या उंबऱ्याशी आहे. मुलांची एखादी सहल तिकडे न्यायला हरकत नाही.

हे करू नका

चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर, ब्रश यांतले काहीही लावू नका. वरचा काळा-हिरवा थर घासताना अक्षरेही जातात. माती सुटी असेल तेवढीच झटका. कडी लावून गळ्यात घालू नका. साठा असेल तर नाणी वाटून घेऊ नका, आणि मडक्याची खापरेही टाकू नका, कारण खापरावरूनसुद्धा काळ कळतो. हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, बाजूला विळा किंवा पट्टी ठेवून, म्हणजे माप कळते. वहीत लिहा: गट नंबर, तारीख, खोली, नग किती, कोण हजर होते. नाणी कोरड्या कागदी पाकिटात ठेवा.

कायदा भ्यायचा नाही, पाळायचा

बरेच जण गप्प बसतात ते भीतीने. मालकाला वाटते सरकार जमीन घेईल. मजुराला वाटते मालक चोरीचा आळ घेईल. जेसीबीवाल्याला वाटते यंत्र अडकून पडेल. म्हणून १८७८ च्या निखात निधी कायद्याचा, म्हणजे पुरलेल्या धनाच्या कायद्याचा, सारांश देतो.

जमिनीत दडलेले १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काहीही सापडले, तर सापडलेल्याने लवकरात लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे: काय आणि किती सापडले, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करण्याचा जामीन द्यायचा. मग जाहीर नोटीस निघते. हक्क सांगणाऱ्यांसाठी चार ते सहा महिन्यांच्या आतली तारीख दिली जाते. चौकशीत खरा मालक कुणी निघाला नाही आणि धन बेवारस ठरले, तर ते सापडलेल्याला मिळते. जमीनमालकाने हक्क सांगितला आणि दोघांत आधीचा करार नसला, तर सापडलेल्याला तीन हिस्से आणि मालकाला एक हिस्सा. नीट वाचा: तीन हिस्से सापडलेल्याचे, मग तो सालदार असो, वाटेकरी असो की चारी खणणारा मजूर. सरकारला वस्तू संग्रहासाठी हवी असेल, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन ती घेता येते. नाणी निघाली म्हणून जमीन जमा करण्याची तरतूद या कायद्यात नाही.

उलट दडवले, तर सापडलेल्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मालकाने दडवायला साथ दिली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे हिशेब साधा आहे. सांगितले तर वाटा, लपवले तर खटला. मालक-मजुरांनी एकत्र बसून, एकाच अर्जावर सह्या करून, तहसील कचेरीमार्फत कळवले तर गावात भांडणही होत नाही. आमच्या मते यातच शहाणपण आहे.

बुवा, दलाल आणि लाखाच्या बाता

शेवटी सावधगिरीचे दोन शब्द. गुप्तधनाच्या नावाने भगत-मांत्रिकांनी आजवर कित्येक घरे धुतली, आणि काही ठिकाणी तर जीवही घेतले. आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार गुन्हा ठरवले आहेत. असा कुणी गावात आला तर पोलीस पाटलाला कळवा.

राम-सीता, हनुमान यांची चित्रे असलेली "ईस्ट इंडिया कंपनी १८१८" छापाची नाणी दाखवून, हे तांदूळ ओढते, याला परदेशात कोटी रुपये मिळतात, असे सांगणारे भेटतात. कंपनीने असे नाणे कधीच काढले नाही. ती अलीकडे पाडलेली खेळणी आहेत. तीच गोष्ट ट्रॅक्टरचे चित्र असलेल्या ५ रुपयांच्या नोटेची. "लाखाला घेतो, आधी नोंदणी फी भरा" असा फोन आला की ठेवून द्यावा. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ साली जाहीर केले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी कसली फी घेत नाही.

बंधू-भगिनींनो, उसाला टनामागे भाव असतो, चांदीला किलोमागे. पण जोगलटेंभीच्या चांदीचा जो भाव झाला तो वजनावर झाला नाही. कुणाच्या राज्यात आपले पूर्वज पेरत होते, कुणाच्या नाण्यात बाजार करत होते, हे त्यातून कळले, कारण ती नाणी मुशीत गेली नाहीत. उद्या असा साठा आपल्या कुणाच्या बांधाला लागणार नाही कशावरून? लागलाच, तर नांगर थांबवा, फोटो काढा, चार शहाणी माणसे बोलवा आणि अर्ज करा. यंदाच्या नांगरटीला निघताना गड्याला, ट्रॅक्टरवाल्याला आणि घरातल्या पोरांना एवढे जरूर सांगून ठेवा.